चार मासे आणि एक मोरी

न्यू जर्सीत एडिसनहून समुद्रकाठच्या बेल्मारला गार्डन स्टेट पार्कवेने पाऊण तास लागतो. मासे धरायला नेणारी बोट सातला सुटणार होती. मी पावणेसहालाच धक्क्यावर पोचलो आणि स्वतःवर खूश होत बोटीत चढलो, तर मागच्या बाजूचा अख्खा कठडा भरलेला. माणूस एकही नाही. नुसते रॉड, दर दोन-अडीच फुटांवर एक, कठड्याला बांधून ठेवलेले. मालक मंडळी आपापल्या गाड्यांत झोपा काढत होती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या लोकांतला मी, पद्धत लगेच ओळखली. पण माझ्याकडे टाकायला रुमालच नव्हता, कारण रॉड बोटीवरच भाड्याने मिळणार होता.

शेवटी डाव्या बाजूला, मधोमध एक जागा मिळाली. ती रिकामी का राहिली होती ते बोट हलल्यावर कळलं. पाठीमागेच संडासाचं दार होतं आणि ते दर लाटेला आपटत होतं.

तारीख १ जून २०२४, शनिवार. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याच दिवशी आमच्याकडे मासेमारी बंदी सुरू झाली होती. आमच्याकडे म्हणजे मालवणला. जून-जुलै दोन महिने ट्रॉलर किनाऱ्याला, घरात सुकट आणि सुके बांगडे. आदल्या रात्री फोनवर आई म्हणाली होती, "हय बंदी आणि तू थय चललंस!" तिच्या आवाजात कौतुक होतं की तक्रार, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लोकांचा समज असतो की मालवणचा माणूस म्हणजे पोटातूनच मासे धरायला शिकून आलेला. माझे वडील बँकेत होते. मासे आम्ही बाजारात धरले. कल्ले उघडून लाल आहेत का बघायचे, बोटाने दाबून खड्डा पडतो का बघायचं, आणि दर ऐकून दोन पावलं मागे सरकायचं, एवढं शिक्षण आईकडून पक्कं झालेलं. लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला मात्र गेलोय. किनाऱ्यावर दोरीला हात लावला की पोरासोरांनाही मूठभर मासळीचा वाटा मिळायचा. कोणी किती जोर लावला हे कोणी मोजत नसे. गळ मात्र आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. ऑफिसात जेवताना मासे या विषयावर मी इतकं बोललो होतो, की एका सहकाऱ्याने वाढदिवसाला या बोटीच्या तिकिटाची कल्पना सुचवली. तिकीट त्याने दिलं नाही, कल्पनाच दिली.

या बोटींना इथे पार्टी बोट म्हणतात, किंवा हेड बोट. हेड म्हणजे डोकी, डोईमागे तिकीट. अख्खी बोट आपल्यासाठी घ्यायची तर हजार डॉलरच्या पुढे जातं, तेही पाच-सहा मित्रांनी मिळून. हेड बोटीत तुम्ही एकटेच या, ९५ डॉलर भरा, रॉडचे १० वेगळे आणि चाळीस अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीला विकतचा परवाना लागत नाही, फुकट नोंदणी असते, आणि अशा बोटीवर असाल तर तीही करावी लागत नाही. कागदपत्रांचा विषय तिथेच संपला. ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं काढलेल्या माणसाला हे फार भावलं.

सातला भोंगा वाजला. बेल्मारचा धक्का ज्या नदीत आहे तिचं नाव शार्क रिव्हर. रेल्वेचा पूल, रस्त्याचे पूल असं करत बोट हळूहळू समुद्राच्या तोंडाशी आली, आणि दोन्ही बाजूंचे दगडी बांध मागे पडताच नाक वर करून धावायला लागली. कॅप्टनने स्पीकरवर नियम सांगितले. सी बास साडेबारा इंचांचा, माणशी दहा. कमी भरला तर परत पाण्यात. एक भोंगा वाजला की गळ खाली, दोन वाजले की वर. पूल कोणाला लावायचाय, पाच डॉलर. हा पूल म्हणजे नदीवरचा नव्हे, सगळ्यांनी पैसे काढायचे आणि सगळ्यात मोठा मासा काढणाऱ्याने ते न्यायचे. मीही पाच डॉलर दिले. दिवसभरात इतक्या आत्मविश्वासाने मी दुसरं काहीच केलं नाही.

उलटीच्या गोळीबद्दल एवढंच सांगतो, की ती निघण्याआधी तासभर घ्यायची असते, बोटीवर चढून पाव खाताना नव्हे. आईने सांगितलेली आलेपाकाची वडी खिशात होती, तीही खाल्ली. दोघांपैकी कोणाचाही उपयोग झाला नाही. पावणेनऊच्या सुमारास मी कठड्यावर ओणवा झालो, तेव्हा मागून मेट ओरडला, "बॉस, त्या बाजूला नको, वारा इकडे आहे!" मेट म्हणजे बोटीवरचे मदतनीस पोरगे. आमच्या बोटीवर तिघे होते, आणि या पोरांचं पोट बरंचसं टिपवर चालतं. मी बाजू बदलली आणि कार्यक्रम उरकला. त्यानंतर मात्र दिवसभर खणखणीत होतो. शरमेचं वाटायचं कारण नव्हतं, समोरच्या बाजूला एक पोलिसासारखा दिसणारा धिप्पाड माणूस तेच करत होता.

धक्का सोडल्यावर चाळीसेक मिनिटांनी बोट थांबली. मला वाटलं होतं समुद्राच्या मधे कुठेही थांबतात आणि गळ टाकतात. तसं नाही. न्यू जर्सीचा किनारा वाळूचा, तळ सपाट, आणि सी बासला लपायला खडक, कपारी, मोडकी बोट असं काहीतरी लागतं. म्हणून राज्याने १९८४ पासून मुद्दाम समुद्रात भंगार टाकून खडक तयार केले आहेत. जुन्या बोटी, काँक्रीट, दगड, लष्कराचे रणगाडे आणि न्यूयॉर्क सबवेचे डबे. 'रेडबर्ड' म्हणून लाल रंगाचे डबे होते, त्यातले अडीचशे २००३ साली न्यू जर्सीच्या वाट्याला आले. चाकं, काचा, दारं, बाकडी काढून, धुऊनपुसून ते समुद्रात ढकलले.

माझ्या डाव्या हाताला ब्रुकलिनचा एक म्हातारा उभा होता. हे त्यानेच सांगितलं. "तीस वर्षं त्या डब्यांतून कामावर गेलो," तो म्हणाला. "कधी वेळेवर आले नाहीत. आता निदान कुठे उभे आहेत ते तरी माहीत असतं." आमच्या पायाखाली नेमके डबे होते की दगड, हे कॅप्टनने सांगितलं नाही. आपल्या जागा कोणी कॅप्टन सांगत नाही म्हणे.

दोन नांगर टाकून बोट त्या जागेवर नेमकी बसवायला वीस मिनिटं गेली. मग मेटने आमिषाची बादली आणून ठेवली आणि माझा जीव कळवळला. बादलीभर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. आपल्या तिसऱ्यांच्या चौपट मोठ्या, सोललेल्या, केशरी जीभ बाहेर आलेल्या. सोबत म्हाकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या पट्ट्या. म्हणजे ज्याचं सुकं करायचं तेच गळाला लावायचं आणि ज्याचा वास नाकासमोर दरवळायला हवा त्याच्याकडे बघून पोटात ढवळायचं.

गळाची रचना साधी होती. खाली आठ औंसांचं शिसं, त्याच्या वर हातभर अंतराने दोन गळ. रीळ जुन्या पद्धतीचं. कळ दाबली की मोकळं सुटतं, आणि फिरणाऱ्या दोऱ्यावर अंगठा हलका टेकवून ठेवायचा. शिसं तळाला टेकलं की अंगठा दाबायचा. मेटने हे दोनदा दाखवलं. भोंगा वाजला, मी कळ दाबली, आणि दोऱ्याच्या वेगाने घाबरून अंगठा उचलला. शिसं तळाला टेकून थांबलं, रीळ थांबलं नाही. क्षणात रिळावर सुगरणीचा खोपा तयार झाला. मेट आला, त्याने बघितलं, काही न बोलता दुसरा रॉड दिला. त्याचा चेहरा असा, की सकाळपासूनचा हा चौथा असावा.

दुसऱ्यांदा शिसं नीट खाली गेलं. सत्तर फूट म्हणजे सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली दोर सोडण्यासारखं. तळाला टेकल्याचा बारीक ठोका दोऱ्यातून, रॉडमधून थेट कोपरापर्यंत आला. आणि लगेच टुक, टुक, टुक. मी रॉड ताडकन वर उचलला. काही नाही. परत टुकटुक, परत झटका, परत काही नाही. वर काढून बघितलं तर दोन्ही गळ चकाचक, तिसरी गायब. असं पाच वेळा झालं.

उजव्या हाताला जर्सी सिटीहून आलेल्या एक फिलिपिनो बाई होत्या. साठीच्या, डोक्याला रुमाल, त्यावर टोपी, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणत होतो. त्यांनी तोवर तीन मासे बादलीत टाकले होते. पाचव्या वेळेनंतर त्यांना राहवलं नाही. "ते बारीक चोर आहेत," त्या म्हणाल्या. बर्गल नावाचे बोटभर मासे खडकांत असतात आणि आमिष कुरतडून नेतात. "तू त्यांना घाबरून दार उघडतोस. थांब. मोठा येतो तेव्हा दार वाजवत नाही, ओढतो." मग त्यांनी माझ्या गळावरचं आमिष काढून टाकलं आणि नवीन लावलं, लोंबतं टोक कापून, तिसरीच्या कडक भागातून गळ दोनदा आरपार घालून. मी लोंबत्या पिशवीसारखं लावत होतो, चोरांना सोयीचं.

थांबणं किती अवघड असतं. टुकटुक चालू आहे, हात शिवशिवतोय आणि आपण ढिम्म उभे. मग एकदम रॉडचं टोक खाली गेलं, दोनदा, तिनदा. मी उचललं. यावेळी खालून कोणीतरी नाही म्हणत होतं. रीळ फिरवताना ते डोकं झटकत असल्याचं कळत होतं, जसा दोरीला बांधलेला बोकड मागे ओढतो तसं. पाणी हिरवट होतं. त्यात खालून आधी पांढरट, मग काळपट काहीतरी फिरत वर आलं, आणि मग तो कठड्यावरून आत येऊन पायाशी आपटला.

सी बास लांबून काळा दिसतो. हातात घेतल्यावर काळा अजिबात नसतो. प्रत्येक खवल्याच्या मधोमध फिकट ठिपका, ओळीने, आणि पंखांच्या कडांना निळसर झाक. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर, मानेशी एक निळं टेंगूळ येतं. माझ्या माशाला ते होतं, शाईत बुडवल्यासारखं निळं. गंमत म्हणजे यातले बरेचसे मासे आयुष्य मादी म्हणून सुरू करतात आणि मोठेपणी नर होतात. हे म्हाताऱ्याने सांगितलं आणि वर म्हणाला, "माझ्या बायकोला हे सांगू नकोस, ती म्हणेल सगळे बिघडतात ते असेच."

मेट मोजपट्टी घेऊन आला. नाकापासून शेपटीपर्यंत. नराच्या शेपटीच्या वरच्या टोकाला बारीक दोऱ्यासारखा धागा निघालेला असतो, तो धरून मी तेरा इंच म्हणत होतो. मेटने तो धागा अंगठ्याने बाजूला सारला. धागा मोजायचा नसतो. सव्वाबारा. पाव इंच कमी. मी मासा हातात घेऊन उभा, मेट वाट बघतोय. बाजारात पाव किलोला माशाची शेपटी वर टाकून घेणाऱ्या आईचा मुलगा मी, पण इथे कोणाशी घासाघीस करणार? सोडताना त्याच्या पाठीचा काटा तळव्यात घुसला. शिंगाळ्याचा काटा लागतो तसा नाही, पण दिवसभर ठणकलं.

त्यानंतर जमायला लागलं. साडेअकरापर्यंत मोजपट्टीत बसणारे दोन मिळाले, न बसणारे सात-आठ. मधे कॅप्टनने दोनदा जागा बदलली. तीन वेळा माझं शिसं तळातल्या लोखंडात अडकून तुटलं. दर वेळी नव्या गळाचे चार डॉलर. आणि गुंता. चाळीस दोऱ्या एका बोटीखाली, प्रवाह मागे ओढतोय, आणि कोणातरी एकाचा मासा आडवा पळाला की शेजारच्या पाच जणांच्या दोऱ्यांची वेणी. मेट येतो, सोडवून बघतो, आणि सुटलं नाही की एक दोरा कापतो. बोटीचा भाड्याचा रॉड कोणाचा आहे हे त्याला लांबूनच कळतं. पाचपैकी चार वेळा कापलेला दोरा माझा होता. मागे उभे असलेले, पहाटे चारला जागा धरून ठेवणारे, महागड्या रिळांचे नेहमीचे गिऱ्हाईक, त्यांचा दोरा कधी कापला गेलेला मी पाहिला नाही. मेटचंही चुकीचं म्हणता येत नाही, ते दर शनिवारी टिप देतात. पण राग आला तो आलाच.

बाराच्या सुमारास माझ्या रॉडला काहीतरी वेगळंच लागलं. डोकं झटकणं नाही, नुसतं जड, एका लयीत खाली-खाली जाणारं. म्हातारा म्हणाला, "डॉगफिश." पाच मिनिटांनी पाण्याखाली लांब, करडी सावली गोल फिरताना दिसली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "मोरी!"

मोरीच होती, म्हणजे छोटा शार्क. तीन फूट. सँडपेपरसारखी कातडी, मांजरासारखे लांबट डोळे, आणि तोंडात कुर्ल्या चिरडायचे चपटे दात. आमच्याकडे मोरीचं मटण करतात. कातडी गरम पाण्याने काढायची, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप, गरम मसाला, अगदी मटणासारखं. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला मुद्दाम देतात. हे सगळं मी एका दमात इंग्रजीत सांगायच्या तयारीत होतो. पण मेटने तिची शेपटी धरली, आकड्याने गळ काढला आणि "ट्रॅश फिश, बॉस" म्हणत माझं तोंड उघडायच्या आत तिला समुद्रात टाकलं. ती एकदा वळली आणि गेली. मी तसाच उभा.

मावशींनी माझा चेहरा बघितला असावा. त्यांनी आपल्या बादलीवरचं ओलं गोणपाट उचललं. खाली सी बासच्या बाजूला सात-आठ सी रॉबिन होते. हा मासा सगळेजण शिव्या घालत परत टाकत होते. तांबूस, डोकं हाडाचं, बाजूला पंखे पसरल्यासारखे पर, आणि त्याखाली बोटांसारखे तीन-तीन काटे, ज्यांनी तो तळावर चालतो. हातात घेतला की बेडकासारखा डरांवतो. "हे लोक चांगलं ते टाकतात," मावशी हळूच म्हणाल्या, जणू बातमी फुटली तर भाव वाढेल. "शेपटीकडचं मांस घे. तळ. दुसरं काही करू नकोस." आणि दोन उचलून माझ्या बादलीत टाकले. मी नको-नको म्हटलं, आपल्या पद्धतीने, म्हणजे बादली पुढे करत. रापणीनंतर पहिल्यांदाच कोणी मला वाटा दिला होता.

दीड वाजता दोन भोंगे वाजले. माझे मोजपट्टीतले मासे चार. मावशींचे दहाच्या दहा. पूल जिंकला केबिनमधल्या बाकावर अर्धा वेळ झोपलेल्या एका तरुणाने. शेवटच्या अर्ध्या तासात उठला, दोनदा गळ टाकला आणि साडेचार पौंडांचा सी बास काढला. मागच्या कठड्यावर त्या वेळी पसरलेली शांतता बघण्यासारखी होती.

परतीच्या वाटेवर मेट लाकडी फळीवर मासे साफ करायला बसले. पात्यासारखी पातळ सुरी, दोन घावांत एका बाजूचं मांस सुटं, उलटा, दुसरी बाजू, कातडी ओढून काढली, संपलं. एका माशाला वीस सेकंदसुद्धा नाहीत. वर सीगलांचा गोंगाट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, तुकडे नको, फक्त खवले काढ आणि पोट साफ कर. डोकं राहू दे. "डोकं?" "डोकं." त्याने सुरी थांबवली. "त्याचं काय करतोस?" मी म्हटलं, आमटी, तीच तर खरी. त्याने खांदे उडवले आणि तीन मासे खवलून दिले. चौथा मी त्याला हातच लावू दिला नाही, तसाच बर्फात ठेवला. उतरताना त्याच्या हातात २५ डॉलर ठेवले. कापलेल्या दोऱ्यांचा राग त्यात कुठे धरायचा.

घरी पोचलो तेव्हा मालवणात रात्रीचे दीड वाजले होते, म्हणून आईला फोन करायला तिथली सकाळ होईपर्यंत थांबलो. रात्री सी रॉबिनच्या शेपट्या रवा लावून तळल्या. गोड, घट्ट, जवळपास कोलंबीसारखं मांस. बायको म्हणाली हा कुठला मासा, मी म्हटलं टाकाऊ.

आईचा फोन लागला तेव्हा मी तो चौथा मासा, अख्खा, ओट्यावर कॅमेऱ्यासमोर धरला.

"कल्ले दाखव," आई म्हणाली.

मी कल्ला उघडून फोन जवळ नेला.

"लाल आसत. डोळो वर कर. हां, डोळोय बरो आसा. केवढ्याक पडलो?"

मी हिशेब सांगितला. तिकीट ९५, रॉड १०, पूल ५, तुटलेले गळ १२, टिप २५. एकूण १४७ डॉलर. पेट्रोल सांगितलं नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता, ती रुपये करत होती.

"चार माशांक बारा हजार?" ती म्हणाली. "बंदी उठांदे मेल्या. तितक्या पैशात मी तुका सुरमयेची टोपली दाखवतंय."